व्हॅन खाली बसवण्याआधी काट्यावर न्यावी

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची चार पत्रे आली. तीन पत्रे परदेशातील मराठी वाचकांची आहेत आणि एक नाशिकचे आहे. चौघांचेही प्रश्न व्हॅन खाली बसवण्याविषयी, म्हणजे सस्पेन्शन (चाके आणि गाडी यांच्यामधील स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बरची रचना) बदलून तिची उंची कमी करण्याविषयी आहेत. एका पत्राचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्यालाही लागू पडते, म्हणून या वेळी इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून ही चारच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी-६ आहे. ती आखूड व्हीलबेसची असून पूर्वी मालवाहतुकीसाठी वापरलेली आहे. सध्या आम्ही तिचे कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करत आहोत. इन्सुलेशन आणि खिडक्या झाल्या आहेत; घडीचा पलंग, स्वयंपाकाचा ओटा, दुसरी बॅटरी आणि वर उचलता येणारे छप्पर बसायचे आहे. गाडी मागून फार उंच दिसते, मोटरवेवर आडव्या वाऱ्याने हेलकावते आणि गुडघेदुखीमुळे सासूबाईंना चढायला त्रास होतो. गॅरेजवाले ४० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लगेच घालू म्हणतात, एक मित्र कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बरचा संच) घ्या म्हणतो, तर दुसरा एअर सस्पेन्शनच्या बाजूचा आहे. आम्ही काय घ्यावे? (एक वाचक, रेडिंग, इंग्लंड)

उत्तर : काय घ्यावे हे ठरवण्याआधी केव्हा घ्यावे हे ठरवावे लागेल. आपल्या बाबतीत ही खरेदी अगदी शेवटी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पलंग, ओटा, बॅटरी, छप्पर आणि नेहमी बरोबर राहणारे सामान हे सर्व गाडीत बसल्यावर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि त्यानंतरच स्प्रिंगांचा विचार करावा. गॅरेजवाले ‘लगेच’ म्हणतात ते सोयीचे वाटले तरी ऐकू नये.

कारण असे की, मालवाहू व्हॅन रिकामी असताना मागून उंच दिसते तो तिचा दोष नसतो. कित्येक शे किलो माल भरल्यावर गाडी समतल व्हावी अशा हिशेबाने कारखान्याने मागच्या स्प्रिंगा दिलेल्या असतात, त्यामुळे माल नसला की त्या गाडीचा मागचा भाग वर उचलून धरतात. आता आपण जे सामान बसवणार आहात तेही एक प्रकारे मालच आहे, फक्त तो कायमचा आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायची आठ बाय चार फुटांची एक शीट सुमारे ३५ किलो भरते. १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या शिशाच्या बॅटरीचे वजन २५ किलोच्या आसपास असते. पाण्याच्या टाकीतील प्रत्येक लिटर एक किलोचा असतो. यात पलंगाचा लोखंडी सांगाडा, फ्रिज, गॅसची टाकी, छप्पर आणि गाद्या मिळवल्या की गाडी आपोआपच काही प्रमाणात खाली बसते. ज्या उंचीचा आपल्याला आज त्रास होतो आहे, तिचा बराचसा भाग सुताराचे काम संपेपर्यंत उरणारच नाही.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, ते आपल्या गाडीचे नाहीत. मागच्या प्रत्येक चाकावर ४ किलो वजन वाढले की गाडी एक मिलिमीटर खाली बसते असे धरा. कॅम्परच्या सामानाचे २४० किलो मागच्या एक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या आसावर, आले, तर प्रत्येक चाकावर १२० किलो येतील आणि गाडी ३० मिलिमीटर खाली बसेल. त्याआधीच आपण ४० मिलिमीटरच्या स्प्रिंगा घातलेल्या असतील, तर एकूण ७० मिलिमीटर झाले. स्प्रिंग दबून रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर, टेकण्याआधी चाकाला वर जायला मुळात ९० मिलिमीटर जागा होती असे मानले, तर आता २० उरले. खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा थोड्या कडक असल्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा जरा बरा येईल. तरी चार माणसे बसून गाडी प्रवासाला निघाली की ती जवळजवळ ठोकळ्यावरच चालेल आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट मणक्याला बसेल. ‘खाली बसवलेल्या गाडीत बसवत नाही’ ही तक्रार आपण ऐकली असेल. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा कडक स्प्रिंग नसते, तर चाकाला वर जायला जागाच न उरणे हे खरे कारण असते.

काट्यावर जाताना गाडी प्रवासाच्या स्थितीत असावी, म्हणजे डिझेल भरलेले, पाण्याची टाकी भरलेली आणि शक्य असल्यास माणसेही बसलेली. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करावे, मग पूर्ण गाडीचे, मग फक्त मागच्या चाकांचे, आणि तिन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. गाडीच्या ओळखपट्टीवर खालोखाल चार आकडे असतात: गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन, ट्रेलरसहचे एकूण वजन, पुढच्या एक्सलची मर्यादा आणि मागच्या एक्सलची मर्यादा. ट्रान्सपोर्टरच्या नावापुढील टी-२८, टी-३०, टी-३२ या खुणा एकूण वजनाच्या वर्गाच्या असून त्यांचा अर्थ अनुक्रमे २८००, ३००० आणि ३२०० किलो असा आहे. नव्या स्प्रिंगांचा संच किती एक्सल-वजनापर्यंत चालतो हे बनवणारे लिहून देतात. आपल्या पावतीवरील मागच्या एक्सलचा आकडा त्या मर्यादेच्या आत आणि तिच्या फार खालीही नसावा. टी-३२ साठी बनवलेल्या मागच्या स्प्रिंगा हलक्या टी-२८ मध्ये घातल्या, तर गाडी अपेक्षेइतकी खाली बसत नाही आणि उसळ्याही घेते. स्प्रिंग कितीही दणकट घातली तरी ओळखपट्टीवरील वजनाची कायदेशीर मर्यादा वाढत नाही, हेही विसरू नये.

आता तीन पर्यायांकडे वळू. केवळ स्प्रिंगा बदलणे सर्वांत स्वस्त पडते आणि ३० मिलिमीटरच्या आसपास थांबलात तर ते वाईटही नाही. फोक्सवॅगनने स्वतःच्या स्पोर्टलाइन आवृत्तीसाठी साधारण तेवढीच उंची कमी केली होती, यावरून अंदाज यावा. परंतु आपली गाडी मालवाहतुकीत राबलेली आहे. तिचे जुने शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असणार आणि नव्या कडक स्प्रिंगेची उसळी त्यांना आवरणार नाही. म्हणून स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर असा एकत्र संच घ्यावा आणि पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) माथ्यावरील माउंट व बेअरिंग त्याच वेळी नवीन टाकावीत. त्यासाठीची मजुरी एकदाच पडते.

कॉइलओव्हरचा खरा उपयोग उंची चाकानुसार वेगवेगळी ठेवता येते हा आहे, आणि कॅम्परच्या बाबतीत तो किरकोळ नाही. ब्रिटनमधील व्हॅनचे सरकते दार सहसा डाव्या बाजूला असते, म्हणून ओटा, फ्रिज आणि कपाटे उजव्या भिंतीला लागतात. चालकही उजवीकडेच बसतो. परिणामी कितीतरी कॅम्पर मागून पाहिल्यास उजवीकडे झुकलेल्या दिसतात. ट्रान्सपोर्टरच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगवेगळ्या जागी बसलेले असतात, त्यामुळे संचावर कॉइलओव्हर असे लिहिलेले असले तरी मागे प्रत्यक्षात स्प्रिंगेखाली वरखाली करता येणारी एक बैठक मिळते. झुकाव काढायला तेवढे पुरते. ही फिरवायची आट्यांची रचना मात्र गाडीच्या पोटाखाली असते, आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. दोन हिवाळे दुर्लक्ष झाले की आटे गंजून धरतात आणि ज्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजले तीच जाते. कॉइलओव्हर घेतलेत तर बसवतानाच आट्यांना ग्रीस लावून ते झाकून घ्यावेत आणि हिवाळ्यात पोटाखालून पाणी मारत राहावे.

एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगेच्या जागी रबरी फुगे येतात आणि त्यांच्याबरोबर कॉम्प्रेसर, हवेची टाकी, झडपा व नळ्या येतात. मुक्कामाच्या उतरत्या जागेवर गाडी समतल करता येते आणि सासूबाई चढताना ती खाली आणता येते, हे दोन्ही फायदे खरे आहेत. पण खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि डोंगराळ भागात रात्री एखादी नळी गळू लागली तर ती दुरुस्त करणारा जवळ मिळेलच असे नाही. ज्यांना यंत्राची हौस आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. वर्षातून चार सहली करणाऱ्या कुटुंबाला आम्ही ते सुचवणार नाही.

आपल्यासाठी आमची शिफारस अशी आहे: काम पूर्ण करून वजन करावे, आणि मागच्या एक्सलच्या प्रत्यक्ष वजनाला जुळणारा, सुमारे ३० मिलिमीटर खाली बसवणारा स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बरचा संच घ्यावा. त्याआधी सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवा कमीजास्त असली की तो आकडा फसवतो. मागच्या डाव्या-उजव्या बाजूंत १५ मिलिमीटरहून अधिक फरक आढळला, तर मात्र मित्राचे ऐकून कॉइलओव्हर घ्यावेत आणि उंची कमीजास्त करण्याच्या त्यांच्या मर्यादेच्या मधल्या भागातच ती ठेवावी. अगदी तळाला नेऊन ठेवल्यास वर सांगितलेला ठोकळ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

काम करून घेताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगावी. चाकांना गाडीशी जोडणाऱ्या आर्म आणि लिंक यांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन त्यांच्यावर आल्यावर, नव्या उंचीवर, ते सैल करून पुन्हा आवळावेत. तसे केले नाही तर बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि अकाली फाटते. यानंतर काही आठवडे गाडी चालवून स्प्रिंगा बसल्या की चारही चाकांचे अलाइनमेंट करावे आणि हेडलाइटचा झोत तपासून घ्यावा. पुढचा आणि मागचा भाग सारख्या प्रमाणात खाली न बसल्यास झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो किंवा पायाशी पडतो, आणि वार्षिक एमओटी तपासणीत झोताची दिशा पाहिली जाते. ज्या व्हॅनच्या काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार आहे, तिच्यासाठी त्या यंत्रणांचे कॅलिब्रेशनही, म्हणजे नव्या उंचीनुसार जुळवणीही, विचारून घ्यावी.

राहिला वारा आणि गुडघे. वाऱ्याच्या बाबतीत थोडा फरक पडेल, पण व्हॅनची बाजू भिंतीसारखी मोठी आहे ती तशीच राहणार, आणि आपण छपरावर वजन वाढवणार आहात. हेलकावे कमी करण्यासाठी अँटी-रोल बारची (गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) बुशे व लिंक तपासून घेणे आणि मागे अधिक जाड बार बसवणे हा स्प्रिंगांइतकाच परिणामकारक उपाय आहे. गुडघ्यांसाठी मात्र सस्पेन्शनकडून अपेक्षा ठेवू नये. ३० मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन बोटांची रुंदी. सरकत्या दाराखाली घडीची पायरी आणि आत हाताला धरायला एक मजबूत कडी लावून द्यावी. सासूबाईंना त्याचा उपयोग कोणत्याही स्प्रिंगेपेक्षा जास्त होईल.

विमा कंपनीला मात्र काम सुरू करण्यापूर्वीच कळवावे. ब्रिटनमध्ये ग्राहकाने विमा घेताना चुकीची माहिती जाणार नाही याची वाजवी काळजी घ्यावी असे २०१२ चा कायदा सांगतो, आणि कॅम्पर रूपांतर व खाली बसवलेले सस्पेन्शन हे दोन्ही सांगण्यासारखेच बदल आहेत.

प्रश्न : मी २०१२ सालची फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी-५ घेतली असून आधीच्या मालकाने ती बरीच खाली, सुमारे ६० मिलिमीटर, बसवलेली आहे. मागचे टायर आतल्या कडेने झिजतात आणि गतिरोधकावरून जाताना खालून ‘धप्’ असा आवाज येतो. चाकेही मोठी, १८ इंची आहेत. सगळे मूळ स्थितीत आणावे का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : सगळे मूळ स्थितीत आणण्याची गरज नसावी, पण ६० मिलिमीटर ही उंची रोजच्या वापराला जास्तच आहे.

या गाडीची मागची चाके सेमी-ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे तिरक्या मागे जाणाऱ्या भुजांवर, आहेत. गाडी खाली बसली की हे आर्म वर वळतात आणि त्याबरोबर चाकांचा माथा आत झुकतो, तसेच चाकांची पुढे पाहण्याची दिशाही बदलते. टायर आतून झिजले की सर्वजण झुकावाला, म्हणजे कॅम्बरला, दोष देतात; आमच्या मते टायर खाणारा खरा गुन्हेगार बहुधा टो, म्हणजे चाकांच्या तोंडाचा आत-बाहेर वळलेला कोन, असतो. चाके किंचित आत किंवा बाहेर पाहत असतील तर प्रत्येक किलोमीटरला ती रस्त्यावर घासली जातात. नुसत्या झुकावाच्या तुलनेत हे घासणे टायर कितीतरी लवकर संपवते. झिजलेल्या कडेवरून हात फिरवून पाहावा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर तो टोचा दोष समजावा. चारही चाकांचे अलाइनमेंट करून घेताना मागचा टो आधी जागेवर आणायला सांगावा आणि आधीचे व नंतरचे आकडे छापून मागावेत. नुसते ‘केले’ या शब्दावर पैसे देऊ नयेत.

आवाजाचा शोध घरीच घेता येतो. शॉक ॲब्सॉर्बरचा चकचकीत दांडा स्वच्छ पुसून त्याच्या बुडाशी, म्हणजे जिथे तो नळीत शिरतो तिथे, प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी घट्ट बांधावी आणि नेहमीच्या रस्त्याने फेरी मारावी. नळी वर येईल तशी ती पट्टीला ढकलत नेईल आणि चाक जिथपर्यंत वर गेले तिथे पट्टी अडकून राहील. ती रबरी ठोकळ्यात जाऊन रुतली असेल, तर गाडी प्रत्येक गतिरोधकावर ठोकळ्याला धडकते आहे. इंग्लंडमधील गतिरोधकांची उंची १९९९ च्या नियमांनुसार २५ ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान असते. त्यांपैकी उंचांवर आपली गाडी तग धरणे कठीणच आहे. ठोकळे कापून जागा वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पट्टी ठोकळ्यापासून दूर राहिली आणि आवाज तरीही आला, तर अँटी-रोल बारच्या लिंक पाहाव्यात. खाली बसवलेल्या गाडीला मूळ लांबीच्या लिंक लांब पडतात आणि बार कशाला तरी लागू लागतो. पुढच्या बाजूला, फार खाली बसवलेल्या टी-५ मध्ये, ड्राइव्ह शाफ्टही (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारा दांडा) चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, जवळ येतो. तिथे घासल्याची चकाकी दिसली तर गाडीची उंची पुन्हा वाढवण्याला पर्याय नाही. चासीलाच खाच पाडून घेणारे लोक आहेत, पण तो हौशीचा मार्ग झाला.

आधीच्या मालकाने कॉइलओव्हर बसवले असतील तर आटे मोकळे करून गाडी ३५ ते ४० मिलिमीटरवर आणावी. केवळ स्प्रिंगा असतील तर त्या बदलाव्यात. १८ इंची टायरांवर भार-निर्देशांक कोणता आहे तेही वाचावे: १०३ म्हणजे एका टायरला ८७५ किलो. मोटारीचा दिसायला तसाच, पण कमी निर्देशांकाचा टायर व्हॅनवर चढवलेला आम्ही अनेकदा पाहतो, आणि मिश्रधातूच्या चाकावरही आतून भारक्षमतेचा आकडा कोरलेला असतो तो कुणी पाहत नाही. दोन टायरांची मिळून क्षमता मागच्या एक्सलच्या मर्यादेपेक्षा कमी भरली, तर सस्पेन्शनच्या आधी टायर बदलावेत.

प्रश्न : जर्मनीत राहतो. ट्रान्सपोर्टरसाठी नामांकित बनावटीच्या स्प्रिंगांचा वापरलेला संच निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावा का? (एक वाचक, श्टुटगार्ट)

उत्तर : कागद बरोबर असतील तर विचार करावा, नसतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. जर्मनीत अशा स्प्रिंगांबरोबर बहुधा टाइलगुटाखटन नावाचे प्रमाणपत्र येते. त्यात कोणत्या गाडीला, किती एक्सल-वजनापर्यंत आणि कोणत्या मापाच्या चाकांसह हा संच चालतो ते नमूद केलेले असते. बसवल्यानंतर ट्यूव्ह किंवा डेक्रासारख्या संस्थेकडून लगेच तपासणी करून घ्यावी लागते. ती न केल्यास गाडीची चालवण्याची परवानगीच रद्द होऊ शकते आणि विम्याचा प्रश्नही उभा राहतो. स्प्रिंगेवर छापलेला क्रमांक प्रमाणपत्रातील क्रमांकाशी जुळतो का हे विकत घेण्यापूर्वी उजेडात पाहावे, कारण रंग उडालेल्या जुन्या स्प्रिंगेवरचा क्रमांक कित्येकदा वाचताच येत नाही, आणि तपासनिसाला तो वाचता आला नाही तर त्याच्या लेखी ती स्प्रिंग निनावी ठरते. रंगाचा पापुद्रा निघून खाली गंजाचे खड्डे पडलेले असतील तरी संच सोडून द्यावा. स्प्रिंग तुटते ती अशाच खड्ड्यापासून.

प्रश्न : माझ्याकडे मारुती ईको आहे. घरच्या वापराची आहे, पाच सीटची. वळणावर ती फार कलते म्हणून खाली बसवायची इच्छा आहे. इथले एक मिस्त्री म्हणतात की नवीन स्प्रिंगांची गरज नाही, आहेत त्यांचेच दीड-दोन वेढे कापून देतो, एका दिवसात गाडी दोन इंच खाली. शॉकअप तेच राहतील. करून घ्यावे का आणि आरटीओची काही अडचण येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : करून घेऊ नये. मिस्त्रींचा हात कितीही चांगला असला तरी वेढे कापण्याचे काम मुळातच चुकीचे आहे, आणि त्याची कारणे आपण त्यांना सांगू शकाल अशा रीतीने देतो.

वेढे जितके कमी तितकी स्प्रिंग कडक, हा तिचा स्वभाव आहे. सहा कामाच्या वेढ्यांपैकी दीड कापला की साडेचार उरतात आणि स्प्रिंग साधारण एक तृतीयांशाने कडक होते. जुने शॉक ॲब्सॉर्बर मूळ स्प्रिंगेसाठी बनलेले असल्यामुळे ही वाढलेली उसळी त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. स्प्रिंगेचे टोकाचे वेढे बैठकीवर सपाट टेकावेत म्हणून विशिष्ट आकाराचे केलेले असतात. टोक कापल्यावर ते बैठकीवर नीट बसत नाही. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे स्प्रिंगेची मोकळी लांबी कमी होते. एखाद्या खड्ड्यावर किंवा गतिरोधकावरून उतरताना चाक पूर्ण खाली लटकले, तर आखूड झालेली स्प्रिंग बैठकीत सैल होऊन जागेवरून सरकू शकते. शिवाय कापण्यासाठी गॅसची ज्योत लावली, तर त्या भागातील पोलादाचे पाणी उतरते आणि पुढेमागे स्प्रिंग तिथेच बसते किंवा मोडते.

दुसरा मुद्दा आपल्या रस्त्यांचा. ईकोचा ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर आहे. दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, वजा केले की ११० उरतात, आणि तेही गाडी रिकामी असताना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढून हळूच उतरते. गावोगावी स्वखुशीने घातलेले अरुंद, टोकदार उंचवटे या मानकात कुठे बसतात ते आपण रोज पाहतच आहात. ईको ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. तिच्या पोटाखाली प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा) आणि मागे एक्सलचा गोळा आहे. पाच माणसे बसलेली असताना अशा उंचवट्यावर काय घासेल याचा अंदाज करावा.

कलण्याचा त्रास खरा आहे, कारण गाडी उंच आणि अरुंद आहे. पण उपाय दुसरीकडे आहे. टायरमधील हवा चालकाच्या दाराजवळील तक्त्याप्रमाणे आहे का, ते थंड टायरवर पाहावे. गाडीच्या एका कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन सोडावे. ती एकदा वर येऊन थांबली तर शॉक ॲब्सॉर्बर ठीक आहे, दोन-तीन वेळा डुलत राहिली तर तो संपला आहे. पुढचे व मागचे शॉक ॲब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत. पुढच्या आर्मची आणि मागच्या लिंकची बुशे फाटली असतील तर तीही त्याच खेपेला घालावीत. छपरावर कॅरिअर असेल आणि त्यावर काही न काही कायम पडलेले असेल, तर ते आजच उतरवावे. एवढे केल्यावरही कलणे फार वाटले, तर वळणावरचा वेग कमी करावा. या गाडीची घडण सामान आणि माणसे वाहण्यासाठी झालेली आहे.

आरटीओविषयी: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कापलेली स्प्रिंग नोंदणीच्या तपशिलात थेट दिसत नाही, म्हणून ‘काही होत नाही’ असे सांगणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर राहू नये. गाडीच्या उंचीला हात लावणारा कोणताही बदल मनात असेल, तर आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, उत्तर लेखीच घ्यावे आणि त्याची प्रत जोडून विमा कंपनीलाही पत्र द्यावे. नवे शॉक ॲब्सॉर्बर व बुशे मूळ बनावटीची घातली तर यातले काहीच करावे लागत नाही. बिल मात्र जपून ठेवावे.